बाहुलीच्या अंगावरचं लुगडं

आज आम्ही बाहुल्यांबद्दल बोलणार आहोत. हा पोरखेळ आहे, असं म्हणून कुणी रेडिओचं बटण फिरवू नका. बाहुलीच्या निमित्तानं आज आपण दिल्लीला जाणार आहोत, अमेरिकेला जाणार आहोत, जपानलाही जाणार आहोत. आणि शेवटी आपल्याच पेटीतल्या, आजीच्या जुन्या लुगड्यापाशी येणार आहोत.

चिंधीची बाहुली आपल्यापैकी बहुतेकींनी केली असेल. परकर शिवून उरलेला तुकडा, आत कापसाचा बोळा, काजळाचे डोळे, काळ्या दोऱ्याची वेणी. भातुकलीत तिचा संसार मांडायचा, बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचं. पण आठवून पाहा, बाहुली करताना नाक-डोळ्यांवर आपला फारसा वेळ जात नसे. वेळ जायचा तो तिला नेसवण्यात. तिला परकर-पोलकं घालायचं की लुगडं नेसवायचं? काष्टा घालायचा की गोल नेसवायचं? डोक्यावर पदर घ्यायचा की नाही? एवढं ठरलं की ती कुठली, कुणाची, लग्नाची की बिनलग्नाची, सगळं ठरून जायचं. जगात ज्यांनी ज्यांनी देशोदेशींच्या बाहुल्या गोळा केल्या, त्यांनी याच कारणानं गोळा केल्या. बाहुलीच्या अंगावरचं कापड तिचं गाव सांगतं.

आपल्या देशात असा मोठा संग्रह दिल्लीला आहे. शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम असं त्याचं नाव. तो उभा केला के. शंकर पिल्लै यांनी. हे मूळचे केरळातल्या कायमकुलमचे, जन्म १९०२ सालचा. धंद्यानं व्यंगचित्रकार. १९४८ साली त्यांनी ‘शंकर्स वीकली’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं. मोठमोठ्या पुढाऱ्यांची त्यात खुशाल टर उडवायचे, पंडित नेहरूंचीसुद्धा. मुलांवर मात्र त्यांचा फार जीव. मुलांसाठी त्यांनी चित्रांची आणि लेखनाची स्पर्धा सुरू केली आणि ती पुढे देशोदेशी पोहोचली.

या स्पर्धेसाठीच १९५० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत हंगेरीच्या राजदूतांनी एक बाहुली दिली. बाहुलीच्या अंगावर त्यांच्या देशातला लोकवेश होता. बक्षीस म्हणून ती एका मुलाला द्यायची होती. शंकर यांना ती बाहुली इतकी आवडली, की आपल्या देशातल्या मुलांना अशा देशोदेशीच्या बाहुल्या बघायला मिळाल्या पाहिजेत, असं त्यांच्या मनानं घेतलं. पंतप्रधानांच्या परदेश दौऱ्यात पत्रकारांबरोबर तेही असायचे. ज्या देशात जातील तिथून एक बाहुली घेऊन यायचे. असं करता करता पाचशेच्या आसपास बाहुल्या जमल्या.

मग त्यांनी मुलांच्या चित्रांबरोबर या बाहुल्यांचीही प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली. गावोगावी न्यायचं, मांडायचं, पुन्हा भरायचं. आता मैत्रिणींनो, लग्नकार्यातली भांडी पोत्यात भरून ने-आण केलेल्या बाईला वेगळं सांगायला नको, की दर फेरीला काही ना काही मोडतंच. बाहुल्यांचंही तेच व्हायला लागलं. कुणाचा हात निखळला, कुणाचं कापड फाटलं. दिल्लीतल्या एका प्रदर्शनाला पंडित नेहरू आपल्या मुलीला, इंदिराबाईंना घेऊन आले होते. शंकर यांनी त्यांच्यापुढे ही अडचण मांडली. या बाहुल्यांना कायमचं घर हवं, ही कल्पना त्या भेटीतून पुढे आली.

शंकर यांनी १९५७ साली मुलांच्या पुस्तकांसाठी चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट ही संस्था काढली होती. तिच्याच इमारतीत, दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावर, बाहुल्यांना जागा मिळाली. ३० नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते संग्रहालयाचं उद्घाटन झालं. तेव्हा बाहुल्या होत्या हजारेक. पुढे त्या साडेसहा हजारांच्या घरात गेल्या, सुमारे ८५ देशांतल्या.

एवढ्या बाहुल्या आल्या कुठून? विकत घ्यायच्या म्हटल्या तर कुणाला परवडणार? इथे शंकर यांनी जे केलं, ते आपल्याला लगेच समजेल. हळदीकुंकवाला वाण घ्यावं तर वाण द्यावंही लागतं. तसंच त्यांनी केलं. संग्रहालयाला जोडून बाहुल्या तयार करण्याचं एक कार्यालय काढलं. तिथे भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांच्या वेशांतल्या बाहुल्या तयार होऊ लागल्या. नववधू, शेतकरी जोडपी, कथकली नर्तक असे दीडशेच्या वर प्रकार. कुठल्या प्रांतात साडी कशी नेसतात, दागिना कुठला, अंगाची ठेवण कशी, हे नीट बघून मगच बाहुली करायची, असा तिथला शिरस्ता. परदेशातून भेट आली की त्या बदल्यात इकडची बाहुली तिकडे जायची. १९८० साली पोलंडमधल्या क्राकोव्ह शहरात बाहुल्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथे इथल्या बाहुल्यांना पहिलं बक्षीस मिळालं, सोन्याचं मोरपीस.

या संग्रहालयात स्पेनच्या नर्तकी आहेत, थायलंडच्या वाद्यं वाजवणाऱ्या बायका आहेत, श्रीलंकेतल्या कँडी गावची मिरवणूक आहे. आणि जपानच्या मुलींच्या सणाच्या बाहुल्याही आहेत. त्या जपानी सणापाशी आपण थोडं थांबू या, कारण बाहुल्यांच्या इतिहासातली सगळ्यात विलक्षण गोष्ट त्या सणाच्या दिवशीच घडली.

जपानमध्ये दरवर्षी ३ मार्चला मुलींचा सण असतो. त्याला ‘हिनामात्सुरी’ म्हणतात. आपल्याकडे चैत्रगौर मांडतात ना, पायऱ्या पायऱ्यांची आरास करून, तशी तिथे लाल कापडाच्या पायऱ्यांवर राजा, राणी आणि दरबारी मंडळींच्या बाहुल्या मांडतात. मुली सुखात राहाव्यात म्हणून हा सण. १९२७ सालच्या या सणाला जपानमध्ये पाहुण्या आल्या. किती? १२,७३९. सगळ्या बाहुल्या, सगळ्या अमेरिकेच्या.

त्याचं असं झालं. १९२४ साली अमेरिकेनं एक कायदा केला आणि जपानमधून येणाऱ्या लोकांना वस्तीसाठी दार बंद केलं. जपानी लोकांच्या मनाला हे फार लागलं. सिडनी गुलिक नावाचे एक अमेरिकन पाद्री होते. त्यांचं पंचवीस वर्षं जपानात वास्तव्य झालेलं. दोन्ही देशांत वैर वाढतंय हे त्यांना दिसत होतं. मोठ्यांना समजावून उपयोग नाही, निदान मुलांची तरी ओळख करून देऊ, असं त्यांनी ठरवलं. अमेरिकेतल्या शाळांतून, चर्चमधून, बायकांच्या मंडळांतून बाहुल्या गोळा झाल्या. एका बाहुलीला तीनेक डॉलर पडायचे. मुलींनी आणि त्यांच्या आयांनी घरी बसून त्यांचे झगे, टोप्या, आतले कपडेसुद्धा हातानं शिवले. प्रत्येक बाहुलीला नाव दिलं. बरोबर चिठ्ठी दिली. इतकंच काय, बोटीचं तिकीट दिलं आणि पासपोर्टही दिला! माणसांना जो परवाना मिळत नव्हता, तो बाहुल्यांना मिळाला.

जपानमध्ये त्यांच्या स्वागतासाठी शिबुसावा एइची पुढे झाले. हे मोठे उद्योगपती, वयाची ऐंशी उलटलेले. बाहुल्या देशभरच्या शाळांना आणि बालवाड्यांना वाटल्या गेल्या. मग परतभेट द्यायची ठरली. जपानच्या मुलींनी एकेक सेन जमवला. सेन म्हणजे त्यांच्याकडचं अगदी लहान नाणं, आपल्या पैशासारखं. आपल्या बचत गटाची सुरुवातही अशाच थेंबा-थेंबातून झाली होती. त्या पैशांतून नामांकित कारागिरांकडून ५८ बाहुल्या करून घेतल्या. एकेक सुमारे पावणेतीन फूट उंच, रेशमी किमोनो नेसलेली. किमोनो म्हणजे जपानी बायकांचा पायघोळ, रुंद बाह्यांचा पोशाख. बरोबर छोटी कपाटं, चहाची भांडी, छत्र्या असा सगळा रुखवत. त्या वर्षाच्या अखेरीला या बाहुल्या अमेरिकेला पोहोचल्या, गावोगाव फिरल्या आणि वेगवेगळ्या संग्रहालयांत राहिल्या.

पुढे डिसेंबर १९४१ मध्ये जपान आणि अमेरिकेचं युद्ध पेटलं. शाळांतल्या निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या आता शत्रूच्या ठरल्या. त्यांचा नाश करा, असं फर्मान निघालं. कुठे त्या जाळल्या, कुठे मुलांसमोर बांबूच्या भाल्यांनी भोसकल्या. ज्या मुलींनी त्यांना मांडीवर घेतलं होतं, त्यांच्या समोर हे झालं असेल.

पण सगळ्याच गेल्या नाहीत. काही शिक्षकांना आणि शिक्षिकांना ते करवलं नाही. कुणी बाहुली कपाटामागे सरकवली, कुणी माळ्यावर ठेवली, कुणी सामानाच्या खोलीत तळाशी घातली. त्या काळात हे उघड झालं असतं तर नोकरी जाणं ही लहान गोष्ट होती, देशद्रोही म्हणून बोट दाखवलं गेलं असतं. आणि ज्यांनी लपवल्या ते युद्धानंतरही गप्पच राहिले. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत या बाहुल्यांची चौकशी सुरू झाली, तेव्हा एकेका शाळेतून त्या बाहेर यायला लागल्या. आज तीनशेहून थोड्या जास्त बाहुल्या माहीत आहेत. म्हणजे शंभरातल्या जेमतेम दोन-तीन.

अमेरिकेत गेलेल्या जपानी बाहुल्यांचं काय झालं? त्यांतल्या बहुतेक वाचल्या. पण १९४२ सालापासून अमेरिकेनं आपल्याच देशात राहणाऱ्या जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार माणसांना घरातून उठवून तारेच्या कुंपणातल्या छावण्यांत ठेवलं. त्यांतले बरेचसे तिथेच जन्मलेले नागरिक होते. बाहुल्या संग्रहालयाच्या छपराखाली राहिल्या आणि माणसं छावणीत गेली. बाहुल्या पाठवून मैत्री होते, असं सांगून आम्ही मोकळ्या झालो असतो, पण मग ही गोष्ट अर्धीच राहिली असती. बाहुल्यांनी युद्ध थांबवलं नाही. मुलांसमोर शत्रू उभा केला जात असताना काही माणसांनी मात्र त्या पाहुणीला शत्रू मानलं नाही. एवढंच त्यातून झालं, आणि तेही थोडं नाही.

आता एक कळीचा प्रश्न. बाहुलीच्या अंगावरचं कापड खरं बोलतं का? नेहमीच नाही. अमेरिकेहून आलेल्या बाहुल्या जवळजवळ सगळ्या गोऱ्या आणि गोबऱ्या गालांच्या. त्या देशातल्या काळ्या आयांच्या मुली, तिथल्या मूळ आदिवासींच्या मुली त्यांत दिसत नव्हत्या. जपानच्या ५८ बाहुल्यांतली एक कोरियाच्या नावाची होती, एक तैवानच्या. हे दोन्ही मुलूख तेव्हा जपानच्या ताब्यात होते. कोरियाच्या बायकांचा स्वतःचा सुंदर पोशाख असतो, हानबोक म्हणतात त्याला. पण कोरियाच्या नावाच्या बाहुलीलाही किमोनोच नेसवला होता. नाव तिचं, कापड सत्ता असलेल्याचं. मैत्रिणींनो, कुणाला कुठला वेश घालून जगापुढे उभं करायचं, हे ज्याच्या हातात सत्ता तोच ठरवतो.

आपल्याकडेही बघा ना. ‘महाराष्ट्राची बाहुली’ म्हटलं की काय येतं डोळ्यासमोर? नऊवारी, नथ, खोपा, चंद्रकोर. ती आपलीच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण कोळीणबाईचं घट्ट काष्ट्याचं आखूड नेसणं? तिला मासळीची पाटी घेऊन पाण्यातून चालायचं असतं, म्हणून ते तसं. बंजारा बाईचा आरशांचा फेटिया आणि कांचळी? शेतावर जाताना नवऱ्याचा जुना सदरा लुगड्यावर चढवणारी बाई? ऊस तोडणारी बाई? संग्रहालयातल्या बाहुल्या बहुधा सणाचे कपडे घालून उभ्या असतात. कामाचे कपडे, ठिगळाचे कपडे कुणी बाहुलीला घालत नाही. म्हणून ते कसे होते, हे पुढच्यांना कळतही नाही.

आणखी एक गोष्ट राहून जाते. जगभरच्या बहुतेक संग्रहांत बाहुलीखाली पाटी असते. पाटीवर देशाचं नाव असतं. शिवणाऱ्या बाईचं नाव नसतं. म्हणून आता एका अशा कामाची गोष्ट सांगतो, जिथे बाहुल्यांपेक्षा त्या करणाऱ्या बायकांचा विचार आधी झाला.

१९२९ सालापासून अमेरिकेत मोठी मंदी आली होती. कारखाने बंद, घरोघरी बेकारी. सरकारनं रोजगाराची कामं काढली, आपल्याकडच्या रोजगार हमीसारखी. पण रस्ते आणि पूल ही कामं पुरुषांना मिळत. ज्या घरात कमावणारी बाईच होती, तिनं काय करायचं? विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी नावाचं शहर आहे. तिथे १९३५ साली बायकांसाठी हस्तकलेचं काम सुरू झालं. कलेच्या शिक्षिका एल्सा उलब्रिच्ट यांनी ते चालवलं. आलेल्या बायकांपैकी बहुतेकींच्या हाती कुठलंही शिकलेलं कसब नव्हतं. गोऱ्या आणि काळ्या बायका एकाच खोलीत शेजारी बसून काम करत. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. पुस्तकांची बांधणी, कापडावर छपाई, लाकडी खेळणी आणि कापडी बाहुल्या तिथे होऊ लागल्या. त्यांत देशोदेशीच्या वेशांतल्या बाहुल्याही होत्या. हा माल बाजारात न जाता शाळांना, इस्पितळांना जायचा. काम नीट झालंच पाहिजे, बारीक आणि देखणं झालं पाहिजे, गरिबांचं काम म्हणून ओबडधोबड चालणार नाही, असा उलब्रिच्टबाईंचा आग्रह. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट १९३६ साली हे काम बघायला आल्या आणि त्यांनी त्याचं कौतुक केलं. काम बंद होईपर्यंत सुमारे पाच हजार माणसांना तिथे मजुरी मिळाली.

आपल्या राज्यातही बाहुलीची परंपरा जुनी आहे. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी होतात. तिथली लाकडी बाहुली म्हणजे ठकी. तिला कापड नेसवत नाहीत, लाकडावरच रंगानं साडी-चोळी काढतात. ठकीला घेऊन कितीतरी आज्या लहानपणी खेळल्या. पण ज्या बाहुल्या आपण चिंध्यांच्या केल्या, त्या मात्र कुठल्याच संग्रहात नाहीत. त्या खेळून खेळून विरल्या आणि चुलीत गेल्या.

तर आता कामाचं सांगतो. आपल्या गटात शिवणयंत्र चालवणाऱ्या बायका आहेत, जुनी नेसणी आठवणाऱ्या सासवा-आज्याही आहेत. दोघींची गाठ घालून द्या. एक वीतभर बाहुली करायची आणि तिला आपल्या गावात पन्नास वर्षांपूर्वी जसं नेसत, तसंच नेसवायचं. जुनं इरकली विरून गेलं असेल, तर त्याचा धड राहिलेला तुकडा वापरा. खणाची चोळी असेल तर आजीला विचारा, पुढे गाठ मारायची की बटणं होती. हा खण बहुधा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून आलेला असेल, तो गावात कसा यायचा, बाजारातून की दारावरच्या कापडवाल्याकडून, तेही विचारा. पेरणीला जाताना काष्टा कसा खोचायचा, बाळंतपणात डोकं कशानं बांधायचं, विधवा बाईला काय नेसायला लावायचे, हे सगळं विचारा. शेवटचा प्रश्न विचारताना जपून विचारा, पण विचारा. तोही इतिहासच आहे.

घरात जुनं लुगडं, जुनी चोळी असेल तर ती सांभाळायची रीतही सांगून ठेवतो. जुनं रेशीम धुवायला घेऊ नका, पाण्यात ते फाटतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत ओल धरते. धुतलेल्या मऊ पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. वर्षातून दोनदा बाहेर काढून सावलीत हवा द्या आणि घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, नाहीतर घडीवर कापड चिरतं. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. कडुनिंबाची वाळलेली पानं पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवली तरी चालतात.

बाहुली तयार झाली की तिच्या परकराच्या आत, उलट्या बाजूला, एक कापडी पट्टी शिवा. त्यावर तीन गोष्टी लिहा. हे नेसणं कुणी सांगितलं, बाहुली कुणी शिवली आणि गाव कोणतं. शाई पुसेल, म्हणून अक्षरं दोऱ्यानं भरा. पाच-सहा बाहुल्या झाल्या की शाळेतल्या बाईंना सांगून वर्गात मांडा. पोरी हात लावणार, ओढाताण करणार. करू द्या. एखादी फाटली तर ज्या पोरीनं फाडली तिलाच सुई-दोरा द्या आणि आजीशेजारी बसवा.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या गटात कुठलं नेसणं सापडलं, ते आम्हाला कळवा. सांगणारीचं आणि शिवणारीचं, दोघींचं नाव घेऊनच आम्ही ते सगळ्यांना ऐकवू. नमस्कार.